नावाड्याच्या लेकीची हाक

गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि पलीकडे जायचं तर होडीसाठी हाक घालावी लागे.

अशाच एका रुंद नदीच्या काठी नावाड्याची झोपडी होती. नावाडी लवकर वारला. मागे राहिली बायको, होडी चालवणारा मुलगा आणि कौतिका नावाची लेक. पैलतीरी कुणी प्रवासी दिसला की कौतिका काठावर येऊन हाक द्यायची, "थांबा होऽ, होडी येतेय!" तिची हाक इतकी मोकळी असे, की उन्हातून चालून आलेला माणूस ती ऐकूनच निम्मा विसावायचा.

कौतिकाचं लग्न दूर पठारावरच्या गावात झालं. तिथे नदी नव्हती. विहिरी होत्या, ज्वारीची शेतं होती, आणि दिवसभर वाहणारा वारा. सासरची माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. नवरा कष्टाळू होता. सासू करडी, पण मनाची कोती नव्हती. एक धाकटा दीर होता. पुढे कौतिकाला मुलगी झाली.

पण कौतिका कामाला चांगली निघाली, आणि तिथेच पंचाईत झाली. तिच्या भाकऱ्या फुगायच्या, म्हणून भाकऱ्या तिच्याकडे आल्या. म्हैस तिलाच पान्हा सोडायची, म्हणून म्हैस तिच्याकडे आली. आजाऱ्याचं करणं तिला जमायचं, म्हणून शेजारपाजारची दुखणीसुद्धा तिच्या दारात येऊ लागली. जिच्या हाताला गुण, तिच्याच माथी काम.

मोठं दुःख म्हणावं असं काही नव्हतं. असतं तर ती रडून मोकळी झाली असती. मीठ संपलेलं असायचं. रेडकू सुटलेलं असायचं. पाहुणे यायचे, पोरीला ताप यायचा, सासूचे गुडघे दुखायचे. एक आटोपावं तोवर दुसरं उभं. अंथरुणाला पाठ टेकली तरी मन उद्याच्या चुलीपाशी जाऊन बसलेलं असे.

आणि तिला नदी आठवायची. भांडी विसळताना पाण्याचा आवाज झाला की हात थांबायचे. ओल्या वाळूचा वास, होडीच्या कडेला लागणारं पाणी, दारात उभी असलेली आई. दर वर्षी माहेराहून बोलावणं येई, आणि दर वर्षी ती म्हणे, "एवढी सुगी होऊ दे." सुगी झाली की लग्नसराई, लग्नसराई संपली की कुणाचं तरी बाळंतपण. वर्षं अशीच गेली.

मग एकदा गावात बांगड्या विकणारा कासार आला. तो नदीकाठाहून आला होता. कौतिकाचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "बाई, तुझ्या आईची दृष्टी गेली गं. म्हणते, लेक डोळ्यांना दिसणार नाही तर नाही, तिची हाक तरी कुणी ऐकवा."

कौतिकानं हात मागे घेतला. घरात आली आणि नवऱ्याला म्हणाली, "गाडी जुंपा."

सुगी तोंडावर आली होती. पण नवऱ्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बैल सोडून आणले.

वाटभर तिनं कितीदा तरी मनात ती हाक घोळवली. शेवटी नदी दिसली. पलीकडे झोपडी तशीच होती, आणि दारात एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. कौतिका पाण्याच्या कडेपर्यंत धावली आणि तिनं सगळा जीव एकवटून हाक दिली.

भाऊ होडी घेऊन आला. ती पलीकडे उतरली. दारातल्या म्हातारीनं तिच्या दिशेनं मान वळवली आणि काळजीनं विचारलं,

"कोण गं बाई तू? केवढ्या रागानं हाक मारलीस! घरी काही विपरीत झालं का?"

भावानं मान खाली घातली.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "मी आहे. कौतिका."

म्हातारीचे हात हवेत चाचपडले. ते कौतिकाच्या कपाळावर आले, गालांवर आले, कानामागच्या व्रणावर थांबले. मग ती रडू लागली. "तूच गं तू. पण मला ओळखू कशी आली नाहीस? डोळे गेले, आता कानही गेले का माझे?"

"कान चांगले आहेत, आई," कौतिका म्हणाली. "माझाच आवाज असा झालाय. मी रागावले नव्हते. आता प्रेमानं हाक मारली तरी ती अशीच निघते. माझी पोरसुद्धा दचकते."

"सासरी जाच आहे का?"

"नाही."

"मग कशाचं दुःख आहे, लेकी?"

"कशाचंच नाही. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही."

आई बराच वेळ तिचे हात कुरवाळत राहिली. मग म्हणाली, "तुझे वडील प्रत्येक खेपेनंतर होडीतलं पाणी उपसायचे. मी एकदा म्हटलं, होडी तर चांगली आहे, मग हे कशाला? ते म्हणाले, चांगल्या होडीतही पाणी येतंच. थोडं असतानाच उपसलं तर करवंटी पुरते. तू आजवर एकदाही उपसलं नाहीस, पोरी."

"उपसायला वेळ कुठला, आई? कामं संपतच नाहीत."

"नदीही संपत नाही. म्हणून तुझे वडील काय काठाला थांबलेच नाहीत?"

कौतिका थोडे दिवस राहिली. आईनं तिला कुठल्या कामाला हात लावू दिला नाही. ती नदीत पाय सोडून बसायची आणि बसल्या बसल्या पेंगायची. निघताना आईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ही शेवटची भेट, हे दोघींनाही ठाऊक होतं.

सासरी आल्यावर ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, रोज दिवस मावळायच्या वेळी मी थोडा वेळ घरात नसेन. टेकाडावर जाऊन बसेन."

"काय करणार तिथं?"

"काही नाही."

"काही न करायला टेकाडावर कशाला जायला हवं?" सासू म्हणाली.

"घरात ते करता येत नाही, आत्याबाई."

पहिल्या संध्याकाळी दूध उतू गेलं. खालून आरडाओरडा ऐकू आला आणि कौतिका अर्धी उठली. मग पुन्हा बसली. ते बसणं तिला साऱ्या कामांपेक्षा जड गेलं. दुसऱ्या संध्याकाळी रेडकानं सगळं दूध पिऊन टाकलं. त्यानंतर मात्र सासू काठी टेकत, धापा टाकत, तिला खडसावायला स्वतः टेकाडावर आली. पण बोलायला दमच उरला नव्हता, म्हणून आधी दगडावर बसली.

वारा पडला होता. पठार दूरवर पिवळं दिसत होतं.

"इथून काय दिसतं गं तुला?" शेवटी सासूनं विचारलं.

"त्या अंगाला माझं माहेर आहे. दिसत काहीच नाही."

सासूनं काठी उचलून मावळतीकडे दाखवलं. "माझं तिकडं होतं. डोंगरात. परसात जांभळीचं झाड होतं. आता तिथं कुणी राहिलं नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "या घरात आल्यापासून मी त्या दिशेला तोंड करून कधी बसलेच नाही."

"का, आत्याबाई?"

"कामं संपायची वाट पाहत होते."

खालून दिराची हाक आली, "आई! वहिनी! रेडकू सुटलंय!"

सासू सवयीनं उठायला गेली. मग तिनं काठी बाजूला ठेवली. "धरील तो," ती म्हणाली. "त्यालाही दोन हात आहेत."

दोघी बसून राहिल्या, एक उगवतीकडे तोंड करून, एक मावळतीकडे.

दीर रेडकू बांधायला शिकला. नवऱ्याच्या भाकऱ्या वाकड्या झाल्या, पण पोटं भरली. कामं होती तेवढीच राहिली. पुढच्या थंडीत नदीकाठाहून आई गेल्याचा निरोप आला. त्या संध्याकाळी सासूनं चूल स्वतःकडे घेतली आणि सुनेला नुसतं टेकाडाकडे बोट दाखवलं. कौतिका तिथे मनसोक्त रडली, आणि अंधार पडायच्या आत उतरून तिनं पोरीला हाक मारली. या वेळी पोर दचकली नाही, धावत येऊन मांडीवर बसली.

नदीची ओढ जन्मभर राहिली. पण तिला आता रोज टेकायला एक जागा होती.

तात्पर्य: रोजचा शीण रोज उतरवावा, कामं संपल्यावर विसावू म्हणणारीला विसावा कधीच भेटत नाही.