कौतिकची मिरची

एका गावात गुळावाचून पान हलत नसे. चहूकडे ऊस. थंडी पडली की गुऱ्हाळं लागायची, आणि बाहेरून येणाऱ्या माणसाला आधी गुळाचा वास भेटायचा, गाव मागाहून. तिथं आमटीत गूळ, भाजीत गूळ, पिठल्यातसुद्धा गुळाचा खडा. यात वावगं काही नव्हतं. ज्याच्या रानात जे पिकतं तेच त्याच्या ताटात येतं.

पण त्या गावानं एक रीत पाडली होती. नव्या सुनेनं माहेराहून येताना तिकडच्या चवीचा एखादा जिन्नस पुरचुंडीत बांधून आणायचा. कोणी चिंच आणी, कोणी लसूण, कोणी सुकं खोबरं. हंगामाचं पहिलं गुऱ्हाळ लागलं की सारा गाव तिथं जेवायला जमे. वर काहिलीत रस उकळत असे, खाली चुलवणात जाळ धडधडत असे. सून पुढं येई, पुरचुंडी त्या जाळात टाकी, गुळाचा खडा तोंडात घाली आणि म्हणे, “आजपासून हीच माझी चव.” त्यानंतरच तिला सासरच्या चुलीला हात लावता येई. पुरुषमाणसं खूश होत. गावाची चव राखली गेली, असं एकमेकांना सांगत आणि पानावर बसत.

त्या गावात म्हादूची बायको होऊन कौतिक आली. ती तापीकाठची. तिकडं भाकरीशेजारी मिरचीचा ठेचा नसला तर जेवण झालं असं कोणी धरत नाही. तिच्या आईनं परसातल्या लाल मिरच्या वाळवून बांधून दिल्या होत्या.

गुऱ्हाळाचा दिवस आला. कौतिक पदर खोचून पुढं आली. गुळाचा खडा तिनं आनंदानं खाल्ला, वर आणखी एक मागून घेतला. माणसं हसली. पोरगी मोकळ्या मनाची आहे, म्हणाली. मग रायाजी पाटलांनी जाळाकडं बोट दाखवलं.

कौतिकनं पुरचुंडी कमरेलाच ठेवली.

“गूळ छान आहे,” ती म्हणाली. “रोज खाईन. तुम्हाला लागते तशी आमटीही रोज करीन. पण मिरची जाळणार नाही. ती मला आवडते. आवडत नाही असं कसं म्हणू?”

आजवर असं कोणी बोललं नव्हतं. रायाजी पाटील काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी तिला बाजूला बसवून शांतपणे समजावलं. वाडवडलांची रीत आहे, ज्याची त्याची जीभ वेगळ्या वाटेनं गेली तर गाव गाव राहायचं नाही, असं बरंच सांगितलं. कौतिकनं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना मानसुद्धा हलवली. पाटलांचं बोलणं संपलं तरी पुरचुंडी होती तिथंच होती.

मग पाटलांनी सांगून टाकलं. पुढच्या हंगामापर्यंत मुदत. तोवर चुलीला हात लावायचा नाही. आणि तेव्हाही हट्ट सोडला नाही, तर गाडी जुंपून कायमची माहेरी.

कौतिक रानात राबायची, पाणी भरायची, गोठा काढायची. चुलीपुढं मात्र सासू बायजाक्का. जेवायच्या वेळी कौतिक ओसरीवर बसे. सासूनं वाढलेली गोड आमटी ती वाटी निपटून खाई, तिला कधी नाव ठेवलं नाही. मग दगडावर दोन मिरच्या, लसूण, मीठ ठेची आणि भाकरीला लावून खाई. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि चेहऱ्यावर समाधान.

विहिरीवरच्या बाया टोमणे मारत. एक म्हणाली, “काय गं, म्हादूचं घर पेटवायला आलीस की काय?”

“घर नाही गं पेटत,” कौतिक म्हणाली. “नाक तेवढं वाहतं.”

ती अशी हसून बोले, पण तिला सोपं गेलं असं नाही. शेजारी बारसं झालं तेव्हा बोलावणं सासूला आलं, तिला नाही. हळदीकुंकवाला तिला वगळून करंडा पुढं जाई. एकदा म्हादू तापानं फणफणला. त्याला ऊन पेज करून द्यावी, तर चुलीला हात लावायचा नाही. बायजाक्का रानातून परत येईपर्यंत कौतिक त्याच्या उशाशी नुसती बसून राहिली. त्या दिवशी ती रडली, आणि त्या दिवशी तिनं मिरची खाल्ली नव्हती.

म्हादू बरा झाला. बायकोचे हाल त्याला बघवेनात. तो म्हणाला, टाक ना एकदा ती जाळात. नंतर मीच तुला बाजारातून आणून देत जाईन. गोठ्यात बसून खा. कोण बघायला येतंय?

कौतिक म्हणाली, “लपून खायचं म्हणजे चोरी झाली. मी कोणाचं काय चोरलंय?”

पलीकडं बायजाक्का सुपात जोंधळे पाखडत होती. तिचा हात थांबला. थोड्या वेळानं सूप पुन्हा हलू लागलं.

वर्ष फिरलं. ऊस तोडणीला आला, पहिलं गुऱ्हाळ लागलं. जेवणासाठी पत्रावळी मांडल्या होत्या, आमटीची हंडी उतरवून ठेवली होती. आणि यंदा एका अंगाला पाटलांच्या सांगण्यावरून बैलगाडी जुंपून उभी केली होती. नव्या आणखी एकदोघी सुना होत्या. त्या पुरचुंड्या मुठीत धरून कौतिककडं बघत होत्या.

पाटलांनी कौतिकला पुढं बोलावलं. म्हणाले, “पोरी, इकडं जाळ आहे, तिकडं गाडी आहे. तूच काय ते ठरव.”

कौतिकनं म्हादूकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. तिनं सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. मग पाटलांना म्हणाली, “पाटील, गावाचा गूळ मी मनापासून खाल्ला. त्यात खोटं काही नाही. पण जी मला आवडते तिला नावडती म्हणून मी चूल मागणार नाही. मी गाडीत बसते.”

आणि ती खरंच गाडीकडं चालू लागली. चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन वर चढली आणि बैलांकडं तोंड करून बसली.

एवढ्यात गाडी मागच्या अंगाला दबली. मागं वळून बघते तर बायजाक्का गुडघ्यावर हात देत वर चढत होती.

“बायजाक्का, तू कुठं निघालीस?” पाटलांनी विचारलं.

“माहेरी,” बायजाक्का म्हणाली. “मी कोकणातली. आमसुलं जाळात टाकली त्याला डोक्याचे केस पिकले. पण भावाकडून दरसाल मागवते आणि गोठ्यात जाऊन चोखते. ही पोर म्हणते, ती चोरी आहे. मग चोराला गावात कशाला ठेवता?”

मग विहिरीवर टोमणा मारणारी ती बाई उठली. तिनं सांगितलं, वैरणीच्या ढिगामागं आपलं लसणाच्या चटणीचं गाडगं आहे. तीही गाडीत चढली. तिच्यामागून आणखी एक. मग दोघीतिघी एकदम. कोणाची चिंच उतरंडीत होती, कोणाचं खोबरं तांदळाच्या मडक्यात. गाडीत जागा उरली नाही, तशा बाया गाडीला धरून खाली उभ्या राहिल्या. बैल कान हलवू लागले.

शेवटी पाटलीणबाई उठल्या.

“अगं, तू कुठं?” पाटील म्हणाले.

“तुमच्या आमटीत गूळ घालायच्या आधी मी माझी वाटी काढून ठेवते,” पाटलीणबाई म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून. तुम्ही कधी विचारलं नाहीत.” आणि त्याही गाडीला धरून बायजाक्काच्या बाजूला उभ्या राहिल्या.

आता बघा, त्या गावच्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या एक साधी गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. गावाची चव ज्यांच्या हातून राखून घ्यायची, त्या सगळ्या बाया परगावच्या होत्या. त्या गावात गूळ खाऊन वाढलेल्या पोरी केव्हाच लग्न होऊन दुसरीकडं गेल्या होत्या. तिकडं त्या गुळाचे खडे कुठं लपवून खात असतील, कोण जाणे. पाटलांचीही एक लेक होती तशी. तिची त्यांना त्या क्षणी आठवण झाली असावी, कारण त्यांनी तोंड फिरवलं आणि पागोट्याच्या शेवानं कपाळ पुसलं.

पत्रावळी मांडलेल्या तशाच राहिल्या होत्या. आमटी निवत होती. वाढायला एक माणूस जागेवर नव्हतं.

“उतरा खाली,” पाटील म्हणाले.

एकही बाई हलली नाही. कौतिक गाडीतून म्हणाली, “उतरतो. पण चुलवणात काय टाकायचं, ते आधी सांगा.”

पाटलांनी जाळाकडं पाहिलं.

“चिपाडं,” ते म्हणाले. “उसाची चिपाडं. दुसरं काही नाही.”

मग बाया उतरल्या. नव्या सुनांनी मुठी उघडल्या, पुरचुंड्या सोडल्या, कौतिकनं तिथंच दगडावर मिरच्या ठेचल्या. पंगत बसली. गुळाची आमटी सगळ्यांना वाढली, आणि सगळ्यांनी ती चवीनं खाल्ली. म्हादूनं त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर ठेचा मागितला. त्याला ठसका लागला, डोळे भरून आले, तरी पाणी पिऊन त्यानं पुन्हा पान पुढं केलं.

कौतिक ठेच्याची वाटी घेऊन वाढत वाढत पाटलांच्या पानापाशी आली. पाटलांनी पानावर हात आडवा धरला. त्या गावात पंगतीला आग्रह करकरून वाढायची पद्धत होती. नको म्हणणाऱ्याचा हात बाजूला सारून वाढत. कौतिकनं वाटी मागं घेतली. मग तिनं विचारलं, “तुम्हाला आमटी आणू, पाटील?”

पाटलांनी हात उचलून वाटी पुढं केली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या ताटाला नाव ठेवू नये, पण त्याला बरं वाटावं म्हणून आपल्या जिभेला खोटंही बोलायला लावू नये, आणि आपलं कितीही आवडतं असलं, तरी आडव्या हातावर वाढू नये.