वेशीवर थांबलेल्या गायी

या मंडळी, सरकून जवळ बसा. भानुबुवा महाराजांची एक गोष्ट सांगतो, ऐकून कान धन्य होतील.

महाराज तेव्हा निंबखोरीत वेशीजवळच्या पारावर उतरले होते. त्या दिवशी गावच्या वामनभट जोशांच्या मुलीचे, यमुनेचे लग्न होते. मुहूर्त गोरज, म्हणजे गायी घरी परतताना त्यांच्या खुरांची धूळ उडते ती वेळ. यमुनेची एक सोयरीक आधीच मोडलेली. व्याह्यांनी बजावले होते, मुहूर्त टळला तर वऱ्हाड माघारी जाईल.

वामनभटांचा घटिकापात्रावर गाढ विश्वास. तळाला बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. दुपारीच त्यांनी माजघरात हंड्यापुढे बसून पात्राला हळदकुंकू, अक्षता वाहिल्या आणि मोजणी सुरू केली.

येसजी गुराखी धापा टाकीत दारात आला. म्हणाला, "भटजीबाबा, दिवस टेकला. गुरं वढा वलांडून आली. लगीन लावा."

"अजून दोन घटका आहेत," वामनभट म्हणाले. "तुझ्या गायी पंचांग कधीपासून वाचायला लागल्या रे?"

व्याही हसले, वऱ्हाड हसले. अंगण दहा पावलांवर, पण उठून पाहिले कुणीच नाही. येसजी खाली मान घालून पारावर गेला.

थोड्या वेळाने महाराज स्वतः त्याला घेऊन आले.

"जोशीबुवा, बाहेर पाहिलंत का?"

"महाराज, पात्र अजून बुडालं नाही."

"ते बुडेल तेव्हा बुडेल. देवानं तुम्हांला डोळे दिलेत ते कशाला?"

वामनभट अंगणात आले. सूर्याची लाल कड तेवढी टेकडीवर उरली होती आणि गायी वेशीला लागल्या होत्या. अजून अंतरपाटही धरलेला नव्हता!

महाराज येसजीला म्हणाले, "तुझी हाक गायीही ऐकतात आणि तो गोपाळही. मार हाक."

येसजीने डोळे मिटून हाक मारली. काय सांगू बाप्पांनो, वेशीत गायी थबकल्या! गोठ्यात वासरे हंबरत होती, आचळांतून दूध ठिबकत होते, पण एक खूर पुढे पडेना. इकडे मंगलाष्टके झाली. शेवटची अक्षता पडली आणि गायी चालू लागल्या. त्यांची धूळ नवरानवरीच्या डोक्यावर येऊन बसली.

मग वामनभटांनी पात्र उचलून उजेडाकडे धरले. छिद्रात अक्षतेचा एक दाणा फुगून बसला होता. त्यांनीच वाहिलेला. लाजेने त्यांना मान वर करवेना. ते महाराजांच्या पायांशी वाकले, तसे महाराज बाजूला झाले.

"पात्र चुकलं, त्यात पाप नाही. सांगूनही पाहिलं नाहीत, ते चुकलं. माफी मागायची तर तिकडे मागा."

साऱ्या वऱ्हाडादेखत वामनभटांनी येसजीच्या धुळीने माखलेल्या पायांवर डोके ठेवले. येसजी पाय मागे घेत पुटपुटला, "नका हो बाबा, पोरीला आशीर्वाद द्या."

मंडळी, लग्नाच्या अक्षता हाती घ्याल तेव्हा या येसजीची आठवण ठेवा. आणि त्या टाकण्याआधी एकदा बाहेर डोकावून या.