स्वेच्छेची फोड

अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाला डॉक्टर सरंजामे आले ते तोऱ्यातच. भीतीवर त्यांचं मोठं संशोधन चाललं होतं आणि त्यासाठी प्रत्येक बाईने बंद, अंधाऱ्या खोलीत अर्धा तास एकटीने बसायचं होतं. त्यांनी संमतीचे छापील कागद वाटले आणि बजावलं, "जी सही करणार नाही, तिला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळणार नाही."

सेविका सुलभा खरातच्या शेजारी बसलेल्या मंदाने कागद उलटा करून ठेवला. लहानपणी ती दिवसभर कोठीत कोंडली गेली होती. अंधार म्हटला की अजून तिचा जीव घाबरा होई. पण प्रमाणपत्र नाही तर नोकरी नाही.

सुलभाने कागद दोनदा वाचला आणि उठून सरळ डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला.

"सर, इथे सही तुमची लागेल."

"माझी? अहो बाई, भाग तुम्ही घेताय."

"कागदावर छापलंय, 'मी स्वेच्छेने भाग घेत आहे.' स्वेच्छा म्हणजे स्वतःची इच्छा. इथे इच्छा तर एकट्या तुमचीच दिसते. मग सही आम्ही कशी करायची?"

सभागृहात खसखस पिकली. डॉक्टरांनी चष्मा पुसून स्वतःचाच कागद बहुधा पहिल्यांदा नीट वाचला.

"प्रमाणपत्र सगळ्यांना मिळेल," ते अखेर म्हणाले. "नको वाटेल तिने बसू नये. बसली, तरी मधेच उठून यायला मोकळी."

मंदाने कागद कोराच परत केला, तोही मान वर करून. सुलभाने मात्र पेन मागून घेतलं आणि झोकात सही ठोकली.

"आता कशी केलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"अंधाराला मी कधीच भीत नव्हते, सर. आता इच्छा माझी आहे."