खिंडीपर्यंत

घाटाखालच्या एका पेठेत भानुशेठ नावाचे सुपारीचे व्यापारी राहत. उन्हाळ्यात लग्नसराई ओसरली की दुकानाला कुलूप लावून सारे कुटुंब प्रवासाला निघे. कुठे जायचे, हे ठरवण्याची त्यांच्या घरी एक रीत होती. जितकी ठिकाणे सुचत, तितकी विड्याची पाने पाटावर मांडली जात आणि प्रत्येकजण आपल्या पसंतीच्या पानावर एक सुपारी ठेवी. लहानथोरांचा अधिकार सारखाच. अपवाद फक्त थोरली लेक कुमुद हिचा. तिचा डावा पाय जन्मापासून अधू होता; म्हणून तिची सुपारी भानुशेठ स्वतःच ठेवीत, आणि दरवर्षी समुद्रकाठच्या बागेवरच ठेवीत. ते मायेने ठेवीत, त्यामुळे कुमुदला काही बोलताही येत नसे.

यंदा भावंडांनी डोंगरमाथ्यावरचा नदीचा उगम सुचवला. वाट पायी चढायची होती. दोन्ही पानांवर सारख्याच सुपाऱ्या पडल्या. भानुशेठांनी कुमुदची सुपारी बागेच्या पानावर ठेवली, तशी मुले हिरमुसली.

"ताईमुळे राहिलं," धाकटा पुटपुटला.

कुमुदच्या मनाला ते शब्द झोंबले. आपण न घेतलेल्या निर्णयाचा दोष मात्र आपल्या माथी! तिने हात पुढे केला, आपली सुपारी उचलली आणि डोंगराच्या पानावर ठेवली.

"अगं बाळ, बाग तुझ्यासाठीच तर निवडतो आम्ही," भानुशेठ म्हणाले.

"माझ्यासाठी, आबा, की माझ्या नावावर?"

पाटाशी बसलेले मुलांचे काका हसले. "तू माथ्यावर पोहोचेपर्यंत पावसाळा लागेल!"

"मग छत्री घेईन, काका."

"आणि मध्येच पाय थकला तर?" भानुशेठांचा स्वर कातर झाला.

"तर थांबेन. पण कुठे थांबायचं ते मी ठरवीन. तुम्ही घरात बसून नाही."

रीत घराचीच होती. ती मोडणार कोण? सगळे डोंगराकडे निघाले.

भानुशेठांनी गुपचूप एक डोली मागोमाग येऊ दिली. पहिल्या चढावर कुमुद धापा टाकू लागली, तेव्हा त्यांनी भोयांना खूण केली. "अजून नाही," ती म्हणाली. पुढच्या वळणावर काठी घसरून तिचा गुडघा खरचटला. "अजून नाही, आबा." खिंडीत वारा अंगावर आला, तशी ती एका दगडावर टेकली. पाय थरथरत होता. माथा अजून बराच वर होता.

"आता पुरे," ती स्वतःच म्हणाली. "तुम्ही वर जा. मी इथे थांबते."

"म्हटलं नव्हतं मी?" काका म्हणाले.

"तुम्ही मला उंबऱ्याशीच थांबवत होतात, काका. ही खिंड आहे."

काका वरच्या वाटेला लागले. मुले वर धावली. भानुशेठांनी भोयांना सावलीत बसायला सांगितले आणि ते लेकीच्या शेजारी येऊन बसले. या खेपेस त्यांनी तिला काही सुचवले नाही.

तात्पर्य: ज्याचे पाय, त्यालाच त्यांची मर्यादा ठरवू द्यावी; न विचारता घातलेले कुंपण मायेचे असले, तरी ते कुंपणच.