वेताळाच्या वहाणा

श्रीअवधनाथ महाराजांचा मुक्काम कोकणातल्या माडथर गावी, वेताळाच्या देवळात होता, तेव्हाची ही गोष्ट. वेताळ त्या गावाचा राखणदार. रोज रात्री तो गावाच्या शिवेवरून फिरतो आणि फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून दर जत्रेला त्याच्यापुढे नव्या वहाणा ठेवायच्या, अशी तिथली रीत. जुन्या वहाणांचे झिजलेले तळ पाहून भले भले हात जोडत.

त्या वहाणा करण्याचा मान धाकूच्या घराण्याकडे होता. धाकू महाराजांचा भक्त, नाम घेतल्याशिवाय टाका घालायचा नाही. गावचा रावजी खोत मात्र त्याची टर उडवायचा. एवढी सेवा करतोस, देवाने तुझ्या छपराला कौलं तरी घातली का, असं चारचौघांत विचारायचा. धाकू नुसता हसायचा.

रावजीला कशाची कमी नव्हती, पण हाव सुटलेल्या माणसाला सगळं कमीच दिसतं. एका परगावच्या मांत्रिकाने त्याचे कान भरले. नव्या वहाणांच्या तळात तुझ्या शेंडीचे केस शिवून घे, देवाने पाय घातला की तो तुझा बांधील झाला, रोज धन आणून अंगणात ओतेल! रावजीने केस कापले आणि धाकूचं घर गाठलं.

"ह्ये तळात शिव," तो म्हणाला. "वेताळ माझ्या दारात राबतलो. नाय म्हटलंस तर माझ्या जमनीतसून ऊठ."

धाकूचं घर गेलं तर कुठेही खोपटं उभं राहिलं असतं, पण बापजाद्यांची सेवा आपल्या हाताने बाटवायची? तो रडत महाराजांकडे आला.

महाराज हसले. म्हणाले, "तो मागतो तसं शिवून दे. नाम घेत शिव. राखणदाराला कोण बांधतो ते आम्ही बघतो."

महाराजांचा शब्द! धाकूने डोळे पुसले आणि केस शिवले.

जत्रा झाली. रावजीने धनासाठी अंगण सारवून ठेवलं. सकाळी उठून बघतो तर अंगण रिकामं, आणि त्याच्याच तळपायांना लाल चिखल अन् फोड! दुसऱ्या दिवशी फोड फुटले. पाय खाटेला बांधून निजला, तर गाठी जशाच्या तशा आणि तळवे रक्तबंबाळ. इकडे देवळातल्या वहाणा कोऱ्या करकरीत. देवाने धाकूच्या वहाणा नाकारल्या, असं लोक बोलू लागले. धाकूला लाज वाटे, पण महाराज बघतो म्हणाले म्हणजे बघणार, यात त्याला शंका नव्हती.

शेवटी रावजीला पाय टेकवेना. मांत्रिक तर केव्हाच पसार झाला होता. गड्यांनी त्याला उचलून देवळात आणलं.

"काय खोत, धन आलं का?" महाराजांनी विचारलं. रावजी रडू लागला. तेव्हा महाराज म्हणाले, "अरे, बांधायला निघालास वेताळाला आणि केस ठेवलेस त्याच्या पायाखाली! तो शीव फिरतो आणि झिजतोस तू."

रावजीने महाराजांचे पाय धरायला हात पुढे केले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"आमच्यापाशी आरी नाही. ज्याने शिवलं तोच उसवील. त्याला सांग."

खांबाआड उभ्या असलेल्या धाकूपुढे रावजी आडवा झाला. "धाकू, माका सोडव रे," एवढंच बोलला. धाकूने त्याला आधी उठवून बसवलं, मग नाम घेत तळ उसवला. कोऱ्या वहाणेतून केसांचा पार भुगा निघाला! महाराजांनी अंगारा लावला आणि रावजीच्या पायांची आग थांबली. धाकूने तळ पुन्हा शिवून वहाणा देवापुढे ठेवल्या.

सकाळी पुजारी धावत आला. वहाणा झिजू लागल्या होत्या, तळांना लाल माती होती. त्याच वेळी रावजी खोत आपल्या पायांनी चालत धाकूकडे गेला. ज्या घराच्या छपराला तो हसायचा, त्या घराच्या उंबऱ्यावर त्याने डोकं टेकवलं आणि धाकूने हाताला धरून उठवीपर्यंत तो उठला नाही.