द्वारका तायडेने गॅस भरला नाही

वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावात एक बाई गाड्यांचे एसी दुरुस्त करायची. तिचं नाव द्वारका तायडे. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीला लागून पत्र्याची एक शेड होती, त्यात तिचं दुकान. शेड मात्र तिची नव्हती. ती फॅक्टरीच्या मालकांची, वसंतराव गावंड्यांची.

त्या गावाला एक खोड होती. उन्हाळा लागला की लोक बाजारातून नवा माठ आणत आणि त्याच फेरीत गाडीच्या एसीत गॅस भरून घेत. गॅस कमी झालाय की नाही, हे बघायच्या भानगडीत कोणी पडत नसे. जसं काही तो पेट्रोलच, वर्षभरात जळून जातो! आता एसीचा गॅस बंद नळ्यांमधून फिरत असतो. तो जळत नाही, आटत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळतोय, एवढाच त्याचा अर्थ. पण हे सांगायचं कोणी? गावातले बाकीचे मिस्त्री मूग गिळून गॅस भरत. गिऱ्हाईक खूश, मिस्त्रीही खूश.

द्वारका असा गॅस भरत नसे. ती आधी नळ्यांना गॅसचा दाब मोजणारा गेज लावायची, काटा बघायची, पंखा फिरतो का ते बघायची, आत येणारी हवा थर्मामीटरने मोजायची आणि मगच तोंड उघडायची. लोक तिला हट्टी म्हणत. होतीच ती हट्टी. नसती तर बाईमाणूस असून हे काम शिकलीच नसती.

एकदा वैशाखात, भर दुपारी, वसंतराव स्वतः गाडी घेऊन शेडवर आले. बरोबर फॅक्टरीचे दोन मुकादम होते. तिघेही घामाने निथळत होते.

"गॅस संपला," वसंतराव म्हणाले. "भरून दे."

रोग मालकांनी ओळखलेला होता, औषधही ठरवलेलं होतं. द्वारकेने फक्त मात्रा द्यायची होती.

"याच्या आंधी कवा भरला होता, मालक?"

"होळीले भरला. पाडव्याले भरला. मांगच्या पंधरवड्यात अजून एकदा भरला."

"सकाई गार हवा येते का?"

"सकाई येते, दुपारी नाई येत. गाडी उभी राह्यली का आत भट्टी होते. तू पंचायत नको करू. भर."

द्वारकेने तरी गेज लावलाच. काटा जिथे थांबायला हवा होता, तिथून कितीतरी पुढे जाऊन थरथरत होता. गॅस कमी कसला, ठासून भरलेला होता. मग तिने टॉर्च घेतली आणि गाडीच्या तोंडाच्या जाळीतून आत बघितलं. एसी गाडीतली उष्णता ओढून घेतो आणि पुढे बसवलेल्या कंडेन्सरमधून वाऱ्यावर सोडून देतो. या गाडीच्या कंडेन्सरवर रुईची गादी बसली होती. अख्खा हंगाम गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहिली होती, आणि तिथे उडणारी रुई आत जाऊन गच्च बसली होती. वाऱ्याला शिरायला जागाच नव्हती.

"मालक, गॅस जास्त झाला हाये," द्वारका म्हणाली. "तुमच्या फॅक्टरीची रुई अडकली हाये आत. ते धुवा लागते. अजून गॅस भरला त पाइप फुटन."

एक मुकादम फस्सकन हसला. वसंतरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या रुईवर आपलं घर उभं राहिलं, तिच्यात खोट काढायची, तीही आपल्या नोकरांसमोर?

"माह्या रुईले नाव ठेवतं? भर म्हटलं का भराचा! गाडी माही हाये."

"गाडी तुमची हाये, पन हात माहे हायेत. भरत नाई."

"आन् शेड कोणाची हाये?"

मुकादमाचं हसू थांबलं.

"तुमची," द्वारका म्हणाली.

"मंग इचार कर. सांजलोक गॅस भर, नाई त शेड खाली कर."

गाडी तिथेच सोडून वसंतराव शेजारच्या फॅक्टरीत निघून गेले.

ही शेड म्हणजे तिचं सगळं काही होतं. नऊ वर्षांत लोकांच्या तोंडी तिचं नाव आणि ही जागा एकत्र बसली होती. जागा गेली तर गिऱ्हाईक तिला शोधणार कुठे? तेवढ्यात तिचा नवरा श्रीधर जेवणाचा डबा घेऊन आला. तो शिंपी होता, भला माणूस, भांडणाचं नाव काढलं तरी घाबरायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "भरू नको. भरल्यावानी कर. नळी लाव, फुस्स आवाज काढ न् देऊन टाक गाडी. त्याईले काय समजते?"

खोटं कशाला सांगा, द्वारकेला मोह झाला. पाइप फुटणार नाही, शेड जाणार नाही, कोणाला कळणारही नाही. गॅस भरायची नळी तिच्या हातात आलीसुद्धा. पण उद्या गाडी पुन्हा तापेल, मालक पुन्हा म्हणतील गॅस संपला, आणि ती पुन्हा फुस्स करेल. मग ती आणि ते बाकीचे मिस्त्री यांत फरक काय राहिला? या विचारासरशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकांचा राग होताच, पण त्याहून जास्त राग स्वतःच्या हातातल्या त्या नळीचा आला. तिने ती खाली आपटली.

"लोकायले फुस्स इकाले मी हे काम शिकली नाई," ती म्हणाली. "शेड गेली त गेली. उचल सामान."

संध्याकाळी वसंतराव आले तेव्हा शेड रिकामी होती, झाडूनसुद्धा काढलेली. शेडची किल्ली गाडीच्या टपावर ठेवली होती. गाडीत गॅस भरलेला नव्हता.

गावाबाहेर जुन्या जकात नाक्यापाशी एक मोठा कडुनिंब होता. त्याच्याखाली द्वारकेने बाकडं मांडलं. पहिले चार दिवस एकही गाडी आली नाही. धूळ डोळ्यांत जायची, हत्यारं तापून हाताला चटके बसायचे. श्रीधर रोज डबा आणायचा आणि शेजारी बसायचा. पाचव्या दिवशी एक जीपवाला विचारत विचारत आला, मग दुसरा आला.

इकडे वसंतरावांनी गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने एक शब्द न विचारता गॅस भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली गार हवा आली, तेव्हा मालकांनी मुकादमाला "पाह्यलं?" म्हणून ऐकवलंही. पुढच्या आठवड्यात ते अमरावतीला निघाले. दुपारी बाराच्या उन्हात रेल्वे फाटक पडलेलं होतं, गाडी उभी राहिली. बॉनेटखाली धाडकन आवाज झाला आणि पांढरा धूर उसळला. पाइप फुटला होता. पुढचा सगळा रस्ता आणि परतीचाही, मालकांनी काचा उघड्या टाकून उन्हाच्या झळा खात काढला.

गावात आल्या आल्या ते त्याच मिस्त्रीकडे गेले. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "गॅस संपला, मालक. भरून देऊ?"

वसंतरावांनी स्वतःच बॉनेट आपटून बंद केलं. मग ते गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी ती गाडी कडुनिंबाखाली आली. पुढे दोन गाड्या होत्या.

"नंबर लागते, मालक," द्वारका मान वर न करता म्हणाली.

मालक थांबले. सावलीत जागा नव्हती, उन्हात थांबले. येणारे जाणारे बघत होते. नंबर लागल्यावर द्वारकेने गाडीचं तोंड उघडलं, मऊ ब्रश आणि पाणी घेऊन कंडेन्सर धुवायला घेतला. रुईचे काळे लगदे निघून वसंतरावांच्या पायाशी पडू लागले. मग तिने नवा पाइप बसवला.

"शेड खालीच हाये," वसंतराव म्हणाले. "ये वापस."

"नोको, मालक. तुमी उद्या अजून कायबी भर म्हणसान, मी अजून नाई म्हणन. दर खेपेले सामान कोण हालवन?"

"आन् इथूनबी कोणी उठवलं त?"

"त रस्त्यावर बसन. पन गेज पाह्यल्याशिवाय भरत नाई."

वसंतरावांनी उभ्या आयुष्यात त्या गावात कोणाला काही विचारलं नव्हतं. ते फक्त सांगायचे. त्यांनी पायाशी पडलेल्या रुईकडे बघितलं, घाम पुसला.

"बरं मंग, द्वारकाताई," ते म्हणाले, "आता गॅस भराचा का नाई?"

द्वारकेने गेज लावला. फुटलेल्या पाइपातून सगळा गॅस निघून गेला होता. काटा तळाला पडून होता.

"आता भराचा," ती म्हणाली, आणि तिने नळी उचलली.

तात्पर्य: काम ज्याला कळतं त्याने हुकमाला भिऊन खोटं काम करू नये; जागा गेली तर दुकान दुसरीकडे मांडता येतं, पण एकदा विकलेला हात परत आपला होत नाही.