बुधवारचं ‘काही नाही’

फार पूर्वी, माणसं रस्त्यांपेक्षा पायांवर विसंबून असत तेव्हा, एका डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक. दोघांच्या मधोमध, डोंगराच्या खिंडीत, एक मोठं कुरण होतं. गवत दोन्ही गावांचं, तेव्हा भांडणंही दोन्ही गावांची.

एका उन्हाळ्यात त्या कुरणाला वणवा लागला. अलीकडच्या लोकांनी तो आधी पाहिला, पण पलीकडे सांगायला कोणी गेलं नाही. आग तिकडे उतरली आणि कडब्याच्या गंजी जळून गेल्या. पलीकडचे म्हणाले, “तुमच्याकडून काही आलं नाही, आम्ही समजलो सगळं ठीक आहे.” अलीकडचे म्हणाले, “आम्हाला वाटलं, तुम्हाला दिसलं असेल.” झालं, एवढ्यावरून दोन्ही गावांतली सोयरीक तुटली आणि पुढची कितीतरी वर्षं कोणी कोणाच्या लग्नाला गेलं नाही.

शेवटी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकत्र बसून करार केला. तो तांब्याच्या पत्र्यावर कोरून देवळात ठेवला. कुरणात गुरं कोणी कधी सोडायची, गवत कधी कापायचं, हे सगळं त्यात होतं. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘दर बुधवारी दोन्ही गावांनी एकेक माणूस खिंडीत पाठवावा. आपल्या गावचं बरंवाईट सांगावं. सांगण्याजोगं काही नसेल, तर काही नाही असं सांगावं. ऐकणाऱ्याने ऐकलं म्हणावं. समोरचा माणूस आलाच नाही, तर घरी परतू नये, खाली उतरून पाहावं.’

अलीकडच्या गावाचा निरोप्या होता केरबा. पलीकडून बायजाक्का यायची. आधी हे काम तिच्या नवऱ्याकडे होतं. तो गेल्यावर पंचांनी विचारलं, आता कोण जाणार? तर ही म्हणाली, “वाट मला पाठ आहे, मीच जाईन.” आणि ती खरंच येत राहिली. केरबापेक्षा ती आठ-दहा वर्षांनी मोठी होती आणि जिभेने त्याच्याहून बरीच तिखट.

खिंडीत दोन चपटे दगड होते. एकावर हा बसायचा, समोर ती. पण बसण्याआधी उभ्यानेच काम व्हायचं.

“अलीकडचं काय?” अक्का विचारायची.

“काही नाही.”

“ऐकलं. पलीकडचंही काही नाही.”

“ऐकलं.”

एवढंच. त्यासाठी दोघांनी अर्धा डोंगर चढायचा आणि तेवढाच उतरायचा. एकदा केरबा धापा टाकत आला आणि आल्या आल्या म्हणाला, “अक्का, आधी शेंगा काढ, पोटात कावळे ओरडताहेत.” अक्का म्हणाली, “आधी गावाचं काम, मग तुझे कावळे.” त्याच्या तोंडून ‘काही नाही’ वदवून घेतल्यावरच तिने पदराची गाठ सोडली.

काम झालं की मग खऱ्या गप्पा. कोणाची म्हैस व्यायली, कोणाच्या सुनेचं सासूशी बिनसलं, कोणाच्या परसातली भोपळ्याची वेल शेजाऱ्याच्या छपरावर गेली. अक्काच्या पदरात भाजलेल्या शेंगा असायच्या. केरबा करवंदांच्या दिवसांत पानाच्या द्रोणात करवंदं आणायचा. भाऊबीज बुधवारी आली तर अक्का तिथेच, वाऱ्यात दिवा टिकत नाही म्हणून नुसत्या सुपारीने त्याला ओवाळायची. पुढे केरबाला ते बुधवार आठवले की त्याच्या तोंडाला शेंगांची चव यायची आणि डोळ्यांत पाणीही यायचं.

असे तीसएक उन्हाळे गेले. अलीकडच्या गावात नवा पाटील आला. माणूस वाईट नव्हता, हुशार होता आणि त्याला उरकाची भारी हौस होती. त्याने देवळातला पत्रा उतरवून वाचला. शेवटच्या ओळींशी आला आणि हसू लागला.

“केरबा, तीस वर्षांत तू काय काय सांगितलंस तिकडे?”

केरबाने डोकं खाजवलं. “दोनदा वणव्याचं सांगितलं. एकदा वाघाचं. बाकी काही नाही.”

“म्हणजे ‘काही नाही’ हे सांगायला तू तीस वर्षं डोंगर चढलास.”

चावडीवर बसलेले सगळे हसले. केरबाही हसला, कारण पाटील हसल्यावर हसावं लागतं.

पाटलाने पलीकडच्या पाटलाला बोलावलं. दोघांनी पानसुपारी खाल्ली आणि नवा करार लिहिला. ‘काही असेल तर कळवावं. नसेल तर कळवू नये.’ सगळ्या पंचांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. जुना पत्रा गाभाऱ्यातल्या पेटीत गेला.

केरबाला मात्र चैन पडेना. नव्या करारात चूक कुठे आहे हे त्याला सांगता आलं नसतं. पुढच्या बुधवारी सकाळी त्याचे पाय आपोआप वहाणांत गेले. सून म्हणाली, “आबा, आता कशाला? पाटलांनी बंद केलंय ना?”

“शेंगा खाऊन येतो,” केरबा म्हणाला.

खिंडीत पोचला तर अक्का दगडापाशी उभी.

“तुमच्याकडे कोणी सांगितलं नाही होय, की हे बंद झालं?” केरबाने विचारलं.

“सांगितलं की.”

“मग आलीस का?”

“तू येशील असं वाटलं. आणि तू आला असतास आणि मी नसते, तर पत्र्यात लिहिल्याप्रमाणे तू खाली उतरून माझ्या घरी आला असतास. घर झाडलेलं नव्हतं माझं.” मग ती ताठ उभी राहिली. “अलीकडचं काय?”

“काही नाही.”

“ऐकलं.”

तेव्हापासून ते दोघं कोणी न पाठवता येत राहिले. गावात पोरं चिडवायची, “आबा निघाले काही नाही पोचवायला!” केरबा काठी उगारायचा, पोरं पळायची. पाटीलही वाटेत भेटला तर मिस्कील विचारायचा, “काय केरबा, आज किती ओझं?” केरबा म्हणायचा, “हलकंच आहे, मालक.” पण गुडघे दुखत, आणि चढाच्या मध्यावर त्याच्याही मनात यायचं की पाटील म्हणतो ते खरंच असावं.

त्या वर्षी वैशाख फार तापला. गावची विहीर तळाला गेली आणि उरलेलं पाणी बिघडलं. शनिवारी दोन घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. रविवारी दहा घरांत. एकाने पाटलाला विचारलं, “पलीकडे कळवायचं का? त्यांच्याकडे वैद्य आहे.”

पाटील म्हणाला, “उन्हाचा त्रास आहे. एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला कळवायचं? बघू उद्या.”

सोमवारी पाटील स्वतःच अंथरुणाला खिळला. मंगळवारी त्याच्या लक्षात आलं की आता कळवायला हवं, तेव्हा डोंगर चढू शकेल असा एकही माणूस गावात उभा नव्हता. केरबाची सून पडली, मुलगा पडला, आणि त्याची सहा वर्षांची नात सगुणा कोरड्या ओठांनी पडून राहिली. मंगळवारी संध्याकाळी केरबाच्याही पोटात कळ आली.

बुधवारी सकाळी तो उठायला गेला आणि बसल्या जागी कलंडला. घोंगडीवर पडून तो उंबरठ्यावरचं ऊन बघत राहिला. ऊन पायरीपाशी आलं, म्हणजे अक्का आता घरून निघाली. ऊन जात्यापाशी आलं, म्हणजे ती खिंडीत पोचली. आता ती दगडावर बसली असेल. आता मला शिव्या घालत असेल.

“आबा, पाणी,” सगुणा म्हणाली.

माठात विहिरीचंच पाणी होतं. ते द्यावं की नाही, हे केरबाला कळेना. तेच पिऊन सगळे पडलेत असं त्याला आता वाटू लागलं होतं. त्याने फडकं भिजवून तिच्या कपाळावर ठेवलं आणि तिला पाणी दिलं नाही. आयुष्यात इतका कठोर तो कधी झाला नव्हता, आणि त्याला रडू आलं.

मग तो हातांवर सरकत दारापर्यंत गेला. अंगणात गेला. खिंडीची वाट समोर दिसत होती. त्याला एकच सलत होतं, की इतक्या वर्षांत कधी नव्हतं एवढं मोठं सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि आजच आपले पाय गेले. आंब्याच्या सावलीपर्यंत पोचून तो तिथेच आडवा झाला.

त्याचे डोळे उघडले तेव्हा ऊन कललं होतं. कोणीतरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने मिठाची पेज पाजत होतं. हात ओळखीचा होता, शेंगांचा वास येणारा.

“आधी सगुणा,” तो पुटपुटला.

“तिची झाली. तुझ्याआधी तिलाच पाजली. झोपलीय,” बायजाक्का म्हणाली. “गप पी.”

पलीकडचे चाळीस लोक आले होते. खांद्यावर झऱ्याच्या पाण्याच्या घागरी, डोक्यावर तांदळाची गाठोडी. वैद्याने विहिरीवर काटे टाकून ती बंद केली होती. घराघरात चुली पेटत होत्या आणि दावणीची गुरं पाण्यावर नेली जात होती. गावातली तीन माणसं तोवर गेली होती. एक दिवस आणखी गेला असता तर आणखी कितीतरी गेली असती, असं वैद्य म्हणाला.

पाटलाला त्याच्या ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलं होतं. त्याने क्षीण आवाजात विचारलं, “तुम्हाला कळवलं कोणी? माझ्या गावातलं तर कोणी उठलंसुद्धा नाही.”

“केरबाने कळवलं,” अक्का म्हणाली.

“केरबा तर तिथे अंगणात पडलाय.”

“तेच तर. तो आला नाही.” अक्काने पदराने तोंड पुसलं. “मी वाट पाहिली, मग जुन्या पत्र्यात लिहिलंय तशी खाली उतरले. शेताच्या कडेवरून बघितलं, एकाही घरातून धूर निघत नव्हता. तशीच मागे फिरले आणि गाव उठवलं. तुमच्या नव्या कराराप्रमाणे म्हणाल, तर आमच्याकडे काही आलं नव्हतं, पाटील. आम्ही समजलो असतो, सगळं ठीक आहे.”

 पाटील रडला, आणि ओट्यावर जमलेल्या लोकांसमोर रडायची त्याला लाज वाटली नाही.

अंगात बळ आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते पेटीतून जुना पत्रा काढण्याचं. स्वतः चिंच लावून घासला आणि देवळात होता तिथे टांगला. पहिल्या बुधवारी केरबाला चालवेना, तेव्हा पाटीलच काठी टेकत खिंडीत गेला. अक्काने त्याला बसूसुद्धा दिलं नाही. “आधी काम,” ती म्हणाली. “अलीकडचं काय?”

“काही नाही,” पाटील म्हणाला, आणि अक्काने ‘ऐकलं’ म्हणेपर्यंत काठी टेकून उभाच राहिला.

पुढे वर्षं गेली. एका बुधवारी अक्का आली नाही. केरबा करारात लिहिल्याप्रमाणे पलीकडे उतरला आणि तिला खांदा देऊनच परत आला. त्यानंतर त्याचे गुडघे पुन्हा डोंगर चढले नाहीत. अलीकडून सगुणा जाऊ लागली, पलीकडून अक्काचा नातू येऊ लागला. केरबा दर बुधवारी आंब्याखाली बसून खिंडीकडे डोळे लावायचा आणि मनातल्या मनात त्या दोन दगडांवर जाऊन बसायचा.

ऊन कललं की सगुणा उतरून यायची. पदरातून मूठभर शेंगा त्याच्या हातावर ठेवायची.

“पलीकडचं काय गं?” केरबा विचारायचा.

“काही नाही, आबा.”

“ऐकलं,” केरबा म्हणायचा, आणि निवांतपणे एकेक शेंग फोडायला घ्यायचा.

तात्पर्य: सगळं ठीक असतानाही जो नेमाने कळवतो, त्याच्या संकटात त्याचं गप्प राहणंसुद्धा ऐकू येतं.